दोन घरांचा नवरदेव

मे १९९९, रविवार. सकाळपासून कडक ऊन, वारा बिलकुल नाही. डायरीत पुढे एवढंच लिहिलंय: "डोकं चालेना."

हसायचं तर हसा, पण त्या दिवशी मी सख्ख्या भाच्याचं एक लग्न परस्पर लावून मोडलंही होतं. आणि मलाच पत्ता नव्हता!

झालं असं. भोकरदनला आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा होता. माझं बियाण्याचं दुकान, दुकानात कॉम्प्युटर, आणि पुस्तकं वाचून वाचून मी प्रोग्रॅम लिहायला शिकलेलो. म्हटलं, स्थळं मी कॉम्प्युटरवर घालतो. मागाल तसा मुलगा चाळून देतो!

युक्ती साधी. शेतीला एक, नोकरीला दोन, घराला चार. बिजवर, म्हणजे आधी एक लग्न झालेला असेल, तर आठ. लागू असतील तेवढे आकडे मिळवायचे. बेरीज पाच आली की शेती आणि घर. दुसरा अर्थ निघूच शकत नाही. एका आकड्यात अख्खा नवरदेव! मी स्वतःवरच खूश.

नोंदी भरताना राजूरची माझी मोठी बहीण, आक्का, शेजारी बसली. तिच्या दत्तूचं कुठेच जमत नव्हतं.

"वसंता, दत्तूची नोकरी लिवली का?"

"लिवली. दोन."

"आन् घर?"

"चार."

"कोणतं? राजूरचं का जालन्यातलं?"

"आक्का, घर म्हणजे घर."

"असं कसं? दोन घरं हायत लेकराला! दुसरं काय शेजाऱ्याचं हाय का?"

तिचंही खरंच की! मी आणखी चार मिळवले. दोन, चार, चार. दहा. बेरीज बराबर!

मेळाव्यात जो तो नोकरी आणि घर मागत होता. दत्तू मात्र एकालाही दिसेना. आक्का माझ्या पाठीमागे उभी.

"आमचा कुठं गेला रे?"

पुन्हा चाळलं. नाहीच! दोन घरांचा मुलगा, आणि घरवाल्यांत नाही? बोटांवर बेरीज केली. दहाच.

तेवढ्यात वाटूरचे बाबाराव आले. त्यांची लेक तरुणपणीच विधवा झालेली. तिच्यासाठी नोकरीवाला बिजवर हवा होता. मी दोन आणि आठ मागितले, एकच चिठ्ठी छापून आली. आक्काच्या ओरड्यात मी ती न वाचताच त्यांच्या हातात दिली.

चिठ्ठी घेऊन ते विचारत विचारत आक्काकडेच आले.

"दत्तूच्या आई तुम्हीच का?"

"व्हय की!" आक्का फुलली.

"बाई, राग नका धरू. पहिली सूनबाई कशानं गेली?"

"कोणती सूनबाई?"

"म्हंजे? कितीक होत्या?"

आक्का तडक दत्तूचं बखोट धरून माझ्यापुढे हजर.

"वसंता, यानं चोरून लगीन केलं! कॉम्प्युटरात निघालंय!"

"मामा, देवाशपथ, मी कुठंच गेल्तो न्हाई!"

आता तुम्हीच सांगा, मी काय करावं? बेरीज तर बरोबर होती! मी दत्तूला बाजूला घेतलं आणि हळूच म्हटलं, "मला तरी सांग. मी कुणाला बोलत नाही."

"मामा, एक बायको मिळंना, आन् पहिली कुठून आणू?"

तेव्हा कुठे मी ती दहाची नोंद उलगडली. दोन आणि आठ. चार कुठेच नाहीत! घर आहे हे एकदाच सांगायचं असतं. मी दोनदा मिळवलं. चार नि चार आठ झाले, आणि आठ म्हणजे बिजवर. दोन्ही घरं गेली, वर एक मेलेली बायको आली!

मी बाबारावांपुढे हात जोडले. ते लेकीला घेऊन निघालेच होते, तर दत्तू आडवा आला.

"काका, थांबा जरा. तुमच्या लेकीची ना नसंल तर मला चालतंय."

लेकीनं होकाराची मान हलवली. आक्काने मात्र माझ्याकडे असं पाहिलं, की मी कॉम्प्युटरच्या मागे सरकलो.

लग्न जूनमध्ये राजूरला झालं. मंगलाष्टकांच्या वेळी दत्तूच्या पाठीशी मामा म्हणून माझा धाकटा भाऊ उभा होता.