पाळणाघराच्या जागेतलं दुकान

इथे परदेशात, ओंगार नावाच्या उपनगरात, आमच्या घराजवळचं एक पाळणाघर बंद पडलं होतं. त्या गाळ्यात मला दुकान काढायचं होतं. हेम्पचं, म्हणजे गांजाच्याच पण नशा न आणणाऱ्या जातीचं तेल, थेंब, मलमं. इथे ते कायद्यानं विकता येतं. मी नागपूरची बी. फार्म. नवऱ्याच्या मागोमाग आले आणि इतकी वर्षं कागदोपत्री फक्त त्याची बायको होते. माझ्या डिग्रीला इथे कुत्रं विचारत नव्हतं. म्हणून ते दुकान मला हवं होतं, हट्टानं हवं होतं.

पाळणाघराचं दुकान करायचं तर कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी लागते. अर्ज टाकायचा, आणि इथे काय होणार आहे याची नोटीस दारावर बाहेरून लावायची. ठरलेल्या मुदतीपर्यंत ती तिथे राहिली पाहिजे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता आली पाहिजे. आम्ही ती प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घालून लावली.

नोटीस लागली आणि एस्टेटमध्ये, म्हणजे आमच्या वसाहतीत, बोंबाबोंब झाली. जिथे पोरं झोपायची तिथे गांजा? शाळा कोपऱ्यावर आहे म्हणून कोणी हरकत घेतली, तर कोणी म्हणालं, आम्हाला पाळणाघरच हवं. या दुसऱ्या म्हणण्यात तथ्य होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. पण मराठी मंडळाच्या ग्रुपवर एकीनं 'आपल्या लोकांच्या इमेजचा' सूर लावला, जी दर शिवरात्रीला भांगेचे जोक फॉरवर्ड करते! मी असं सणसणीत उत्तर टाइप केलं होतं की बास. नवऱ्यानं फोन हातातून काढून घेतला.

त्याच सुमारास सासूबाई नागपूरहून राहायला आल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काय विकून राहिली तू? बाप्पा, लोकं काय म्हणतील?" नातेवाइकांना त्यांनी फोनवर 'आयुर्वेदिक दुकान' असं सांगून टाकलं. मग एका दुपारी मी त्यांच्यासमोर बाटली ठेवली. तेल कसं काढतात, त्यात काय असतं, नशा का येत नाही, सगळं समजावलं. त्या मन लावून ऐकत राहिल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला शिकलेली बाई म्हणून पाहिलं असावं. मला फार बरं वाटलं.

पाडव्याला मी सामान आणायला बाहेर पडले होते. सासूबाई एकट्याच गाळ्यावर गेल्या. त्यांच्या हातून नव्या कामाचा कागद कधी कोरा सुटलेला नाही. लग्नपत्रिका असो की गाडीचे पेपर, हळदीकुंकवाची बोटं उमटल्याशिवाय पुढे जायचं नाही. दारावर आपल्या दुकानाचा कागद दिसला. प्लॅस्टिकवर कुंकू टिकत नाही म्हणून त्यांनी कव्हर काढलं, ओल्या बोटांनी भरभरून हळदीकुंकू लावलं, वरून तोरण बांधलं आणि हात जोडून घरी आल्या. मग पाऊस भुरभुरला.

त्याच दुपारी कौन्सिलचा माणूस तपासणीला आला. परतताना मला तो गाळ्यापाशी दिसला. एका बोटानं तोरण बाजूला करून फोटो काढत होता. कागदावरची अक्षरं लाल-पिवळ्या चिखलात गेली होती.

"हे वाचता येत नाही," तो म्हणाला.

"घरी प्रिंटर आहे. आत्ता नवी लावते."

"लावा ना, ग्रँड, चालेल. पण मी जे पाहिलं ते मला लिहावंच लागेल." माणूस वाईट नव्हता. हे लाल काय आहे, असंही त्यानं विचारलं. मी फक्त 'पूजा' म्हणाले.

अर्ज बाद झाला. बाजूनं नाही की विरोधात नाही, नुसताच परत आला. पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं तर गाळ्याच्या मालकाला तेवढं थांबायचं नव्हतं. एक बाई पाळणाघर चालवायला तयार झाली, तिला परवानगीची भानगडच नव्हती. गाळा तिला गेला.

"आईला सांगू नकोस," नवरा म्हणाला. "ती खचून जाईल." मलाही ते पटलं. त्यांनी हौसेनं केलं होतं, आणि माझ्यासाठी केलं होतं. परवानगी मिळाली नाही, एवढंच मी त्यांना सांगितलं.

त्या परत जायच्या आधी एका संध्याकाळी नणंदेशी फोनवर बोलत होत्या. मी तिथेच पोळ्या करत होते. नवरा समोर टेबलाशी बसला होता.

"काय सांगू तुला," सासूबाई म्हणाल्या, "पाडव्याचा मुहूर्त, मी स्वतः जाऊन पूजा करून आली. तरी नाही झालं. हिच्या हातालाच यश नाही, बाप्पा. शिकून तरी काय उपयोग झाला?"

माझं लाटणं थांबलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानंही माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलला असता तरी मला पुरलं असतं. त्यानं लॅपटॉप उघडला.