धूर कोणाच्या घरचा?

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण चहा मागवलाच आहे, तर ऐका. बारावी सोडून मी घरी बसलो होतो आणि बाबाचं एकच भजन, "शिकला नाई, नांगर धरत नाई. कोन्या कामाचा बे तू?"

कोहमाऱ्याजवळचं आमचं गाव. घरोघरी चूल पेटते ती पन्नीनं, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्यांनी. राकेल महाग, पन्नी फुकट! काळा धूर, डोळ्यांची आग, पोरं खोकून बेजार. तरी म्हातारे म्हणणार, "काऊन रे, धुरानं कोनी मरते का?"

मरत नाही हो, अक्कल करपते! पुरावा समोरच बसलेला असायचा.

अशात ग्रामपंचायतीनं पन्नी जाळायला बंदी केली. तपासणीला साहेब येणार होते. सरपंच मला म्हणाले, "पन्नी जमा कर. कुठं धूर दिसला नाई तं शिपायाची जागा तुले."

मग काय! चुलीचुलीपुढची पन्नी ओढून आणली मी. वर नियमही काढला: जाळेल त्याचं नाव भोंग्यावर. पुकारणार मीच!

भरलेलं पोतं ठेवायचं कुठं? कोठ्यात गाय खाईल, अंगणात वारा नेईल. ठेवलं घरातच, चुलीशेजारी. बाबाला ऐकवलं, "उद्या साहेबाले चहाले आपल्या घरी आनतो!"

दुसऱ्या दिवशी साहेब आले. शाळेपाशी मी छाती काढून उभा. तेवढ्यात चिंचेच्या झाडामागून धूर! असा काळा, जणू रेल्वेचं इंजिनच गावात शिरलं.

"चला साहेब, रंगेहाथ पकडू! कोनाचाही बाप असो, सोडायचा नाई!"

मी पुढे, साहेब मागे, त्यांच्यामागे अर्धं गाव. चिंच ओलांडली. गल्ली ओळखीची वाटली. दारातली सायकल तर फारच ओळखीची.

आत बाबा चहा ठेवून राहिले होते. पोतं अर्धं रिकामं.

"बाबा! हे काऊन जाळून राहिले?"

"तूच तं चुलीजवळ आनून ठेवली! मले वाटलं, पोरगं पयल्यांदा घरासाठी काही घेऊन आलं."

"अन् बंदी?"

"ते लोकायसाठी हाय. आपलं पोरगं साहेबासंग फिरून राहिलं, आपल्याले कोन विचारते बे?"

विचारणारे माझ्या मागेच उभे होते. खोकत.

पंचायतीत सरपंचांनी माइक माझ्या हातात दिला. "नियम तुयाच हाय. पुकार. जाळनाऱ्याचं नाव घे, पन पन्नी पुरवनाऱ्याचं पयले."

शिपायाची जागा गेली. बाबा मात्र आजही पाहुण्यांना छाती फुगवून सांगतात, "आमच्या पोराचं नाव भोंग्यावर आलं होतं!"

धुरानं कोणाची अक्कल करपते, यावर मी आता बोलत नाही.