त्याले मारू नको वं

माघातली संध्याकाळ. बुलडाण्यातल्या आमच्या घरामागे एक रिकामा प्लॉट अजून उरलेला आहे. बांधकामावर आलेल्या एका कुटुंबानं तिथे चूल मांडली आहे, आणि तिचा धूर मघाशी खिडकीतून आत आला तेव्हा मी तपासायला घेतलेले पेपर बाजूला सारले. पऱ्हाटीचा धूर होता. वेचणी संपली की कपाशीची वाळकी झाडं उपटून आमच्याकडे कुडाशी रचून ठेवतात आणि पुढे कित्येक महिने ती चुलीत जातात. बाभळीसारखा त्यांचा जाळ टिकाऊ नसतो. भसकन पेटतात, एखाद्या बोंडात अडकून राहिलेला कापूस क्षणभर उजळतो आणि विझतो, आणि मागे राहतो हा कोरडा, किंचित गोडसर, घशाशी रेंगाळणारा वास. त्यानं मला थेट अमडापूरकडच्या आमच्या गावात नेऊन सोडलं, कपाशीनं आमच्याकडे पाठ फिरवली त्या हिवाळ्यात.

तेव्हा मी जवळच्याच एका शाळेत मराठी शिकवत होते. मुलगी नुकती पहिलीत गेली होती. शिवाय मी बाहेरून एम.ए. करत होते, रविवारी चिखलीला वर्ग असायचे. आणि या सगळ्याच्या फटीफटीतून कथा लिहीत होते. शिकवणं, शिकणं, घर आणि लिहिणं ही एकाच दावणीला बांधलेली गुरं; एकाला वैरण टाकावी तर दुसरं हंबरतं. नळाला पाणी येण्याआधीचा पहाटेचा तुकडा तेवढा माझा होता. त्यात दोन परिच्छेद झाले तर दिवसभर मी वर्गात जरा जास्तच प्रेमानं शिकवायची, आणि नाही झाले तर मुलीच्या वेणीचा पेड उगाच घट्ट ओढला जायचा. माझ्या लिहिण्याला घरात विरोध नव्हता. पण ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं. माझे यजमान शेती करायचे, बारावीनंतर त्यांनी पुस्तक हातात धरलं नव्हतं, आणि मी पहाटे काय खरडते हे त्यांनी लग्नापासून कधी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. देऊळघाटच्या माझ्या माहेरी तरी कुठे कुणी विचारत होतं!

बीटीचं बियाणं आमच्या गावात आलं तेव्हाचे दिवस मला आठवतात. सुरुवातीला आमच्या पुढच्या खोलीत आढ्याला टेकेल इतका कापूस भरला होता आणि मुलगी त्यात उड्या मारायची. लोकांना वाटलं, आता अळीची गोष्ट संपली. मग हळूहळू खताची मात्रा वाढली, फवारण्या परत आल्या, आणि एका वर्षी पोळ्याच्या सुमारास गेलेला पाऊस परतलाच नाही. आमच्या शेतातल्या कपाशीची पानं खालून लाल व्हायला लागली. लाल्या रोग. लांबून पाहणाऱ्याला ते रान सुंदर दिसलं असतं, कुणी गुलाल उधळल्यासारखं. एक वेचणी झाली, दुसरीला बायका आल्या आणि ओटीतला कापूस पाहून परत गेल्या. शाळेत एरवी या दिवसांत निम्म्या मुली वेचणीला गेलेल्या असायच्या आणि मी त्यांच्या नावानं बोटं मोडायची. त्या वर्षी वर्ग गच्च भरलेला असायचा. हजेरी घेताना प्रत्येक ‘हजर बाई’ मला टोचायचं.

यजमान बोलेनासे झाले. रागावले नाहीत, दारूला शिवले नाहीत, नुसते थांबले. सकाळी ओसरीवर बसत, दुपारी तिथेच असत. शेताकडे जायचा रस्ता उजवीकडे होता, म्हणून की काय, ते डावीकडे तोंड करून बसायचे. त्या काळात आमच्या भागातल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे एका वेगळ्याच नजरेनं पाहू लागल्या होत्या. कोणी काही बोलत नव्हतं, पण माणूस परसाकडे गेला तरी चुलीपुढची बाई मान वळवून बघायची. आमच्या शेजारी एक खाला राहायच्या. बांगड्यांची टोपली घेऊन आठवडी बाजार करायच्या, जीभ तिखट आणि काळीज लोण्याचं. त्या एकदा माझ्या हातात बांगड्या चढवता चढवता म्हणाल्या, “मास्तरीनबाई, फवाऱ्याच्या औषधाचा डबा घरात ठेवू नोका. मी काही म्हनत नाही. पन नोका ठेवू.”

मी तो डबा गोठ्यातून उचलला आणि खालांच्याच घरी नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यजमान माझ्याकडे न बघता म्हणाले, “डबा तू हलवला?”

“हाव.”

ते पायाच्या अंगठ्यानं ओसरीचं सारवण उकरत राहिले. मग म्हणाले, “बरं केलं.”

ते दोन शब्द ऐकून मी आत जाऊन भांड्यांच्या आडोशाला रडले. भीती खरी होती हे कळलं म्हणून, आणि ती आम्हां दोघांची झाली म्हणूनही.

पहाटेचं लिहिणं अर्थातच बंद पडलं. डोळा उघडला की मी आधी शेजारच्या अंथरुणाकडे बघायची, आणि मग शब्द सुचायचे ते भलतेच. रविवारी चिखलीला जाणंही नकोसं झालं होतं. एम.ए. सोडून द्यायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. खालांनीच मला ढकललं. “तुम्ही जाऊन या, मी आहे ना इथं,” म्हणाल्या. मी गेले, आणि नेमकी त्या दिवशी परतीची एसटी बिघडली. दिवेलागण होऊन गेल्यावर गावात पोचले आणि जवळजवळ धावतच घराकडे निघाले. घराजवळ आले तर आतून खालांच्या हसण्याचा आवाज. दारातून पाहते तो चुलीपुढे यजमान. कोपरापर्यंत पीठ, तव्यावर कुठल्याच जिल्ह्याच्या नकाशाशी न जुळणारी एक भाकर, आणि ताटात तिच्या करपलेल्या थोरल्या बहिणी. मुलगी त्यातल्याच एकीचा तुकडा दुधात बुडवून मिटक्या मारत खात होती.

“पोट्टीले भूक लागली होती,” ते ओशाळून म्हणाले.

“अरे बाबा, पानी गरम घे म्हटलं तर ऐकत नाही हा!” खाला डोळे पुसत म्हणाल्या. हसण्यानं आलेलं पाणी होतं ते. मी चपला काढल्या आणि मुलीच्या शेजारी बसून ती भाकर खाल्ली. करपलेली होती आणि मला फार गोड लागली.

दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवायला गेले तर ते आधीच बसलेले. “तू लिहत जाय तुहं,” म्हणाले. “हाताले काही काम पाह्यजे मले.” मला खरं सांगायचं तर आधी लाजच वाटली. लोक काय म्हणतील! आणि लोक म्हणालेच. पारावरून कुणीतरी ओरडलं, “काय बे, भाकरी थापून राह्यला म्हणे?” तर हे शांतपणे म्हणाले, “हाव. तव्यावर टाकली का फुगते. कपाशीचं तसं नाही ना बापा.” पार हसला, आणि त्या हसण्यात पुष्कळ दिवसांनी यांचंही हसू मिसळलेलं मी खिडकीतून ऐकलं.

असा तो हिवाळा सुरू झाला. ते चुलीपाशी आणि मी उंबऱ्यावर, मांडीवर पाट घेऊन. अर्धवट राहिलेली एक कथा पुढे न्यायला घेतली. वाक्य कानाला कसं लागतं हे पाहायला मला पुटपुटायची सवय आहे. एका संध्याकाळी ते म्हणाले, “मोठ्यानं वाच की. कोन हाय त्या गोष्टीत?”

मी दचकलेच. मग वाचलं. कथेत एक शेतकरी होता. रान लाल झालेला, गप्प झालेला. माझ्या डोळ्यांपुढचाच माणूस मी उचलला होता हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. ऐकता ऐकता त्यांचे पीठ मळणारे हात थांबले. जिथवर लिहिलं होतं तिथवर मी वाचलं आणि पाट खाली ठेवला.

“हा मरनार हाय ना?” त्यांनी विचारलं.

“हाव.”

“काऊन?”

“शेवट तसाच येते.”

“तुले येते तसा,” ते म्हणाले. “त्याले काय वाट्टे ते इचारलं का तू?” मग चुलीतलं जळण उगाचच मागेपुढे करत, जाळाकडे बघत, अगदी हळू म्हणाले, “त्याले मारू नको वं. पेपरात रोज मरतेच कोनी ना कोनी. तुह्या गोष्टीत तरी राहू दे.”

 तोवर मी समजत होते की दुःख जितकं काळं रंगवावं तितकी कथा खरी. आता ज्याच्याविषयी लिहीत होते तोच समोर बसून जगण्याची परवानगी मागत होता. पण नुसता पाऊस पाडून किंवा कुणी पाहुणा धाडून कथा गोड करणंही खोटंच झालं असतं. शेवटी मी त्यांनाच विचारलं, “मंग काय करीन तो?”

“मले विचार करू दे,” म्हणाले.

आणि त्यांनी खरोखर विचार केला. रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता ते मला त्या माणसाची खबर सांगू लागले. आज तो भावाशी भांडला, पण भांडता भांडता दोघांनी मिळून गोठ्याचं छप्पर नीट केलं. आज त्याला बायकोचा राग आला, कारण ती त्याच्याशी आजाऱ्याशी बोलल्यासारखं बोलते. (तेव्हा मी मान खाली घालून लिहीत राहिले.) आज त्यानं बियाण्याच्या दुकानदाराला तोंडावर दोन शब्द सुनावले आणि मग त्याच्याकडचाच चहा पिऊन आला. त्यातलं कुठलं त्यांनी खरंच केलं होतं आणि कुठलं रचलं होतं, मी कधी विचारलं नाही. लिहिणाऱ्यानं लिहिणाऱ्याला असं विचारू नये. मी ते सगळं शाळेच्या मधल्या सुट्टीत, बसमध्ये, अभ्यासाच्या पुस्तकांच्या आड मनात घोळवायची. एकाएकी माझ्या दिवसाचे तुकडे एकमेकांना शत्रू वाटेनासे झाले. शाळेत शिकवलेली कविता संध्याकाळी उंबऱ्यावर यायची, आणि उंबऱ्यावरचं बोलणं सकाळी फळ्यापाशी.

आणि एका संध्याकाळी ते म्हणाले, “आज तो वावरात जाऊन आला.”

“काय केलं त्यानं तिथं?”

“काही नाही. बांधावर बसला. मंग पऱ्हाट्या उपटाले लागला. थोड्याशा उपटल्या.”

मी वर पाहिलं. दाराशी काढून ठेवलेल्या त्यांच्या चपलांना काळी माती लागलेली होती आणि तळहातांवर ताजे ओरखडे होते. मी तेवढंच वाक्य लिहिलं: तो वावरात जाऊन आला. कथा तिथेच संपली.

उन्हाळ्यात मी परीक्षा दिली आणि दुसऱ्या श्रेणीत पास झाले. त्या पावसाळ्यात आमच्या शेतात कपाशी थोडीच लावली. बाकी ज्वारी, तूर, आणि विहिरीच्या कडेला भाजीचे वाफे. सुबत्ता आली असं काही झालं नाही. पुढेही वाईट वर्षं आली, काही फारच वाईट. पण त्या हिवाळ्यासारखे ते पुन्हा कधी थांबले नाहीत. कथा मी एका दिवाळी अंकाला पाठवली होती. ‘मांडणी चांगली, शेवट पटत नाही,’ असा निरोप आला. मी खट्टू होऊन त्यांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. “पटत नाही? त्याईले म्हन, एकदा घरी जेवाले या!” दुसऱ्या एका छोट्या मासिकानं ती छापली. खालांना वाचता येत नव्हतं, यांनी ओसरीवर बसून मोठ्यानं त्यांना सगळी वाचून दाखवली, आणि शेवटाला खाला म्हणाल्या, “बस? आगे?” त्याहून चांगला अभिप्राय माझ्या लिखाणाला आजवर मिळालेला नाही.

आता खाला नाहीत. मुलगी नागपूरला नोकरी करते. आम्ही बुलडाण्याला आलो, शेत दुसऱ्याकडे कसायला आहे, आणि यजमान आठवड्यातून दोनदा तरी काहीतरी निमित्त काढून तिकडे जातातच. मध्यंतरी शिक्षकांच्या एका शिबिरात मला लिहिण्यावर बोलायला बोलावलं होतं. बोलणं संपल्यावर संग्रामपूरकडून आलेली एक तरुण शिक्षिका जवळ आली. पदरानं घाम टिपत, एक डोळा घड्याळाकडे ठेवून तिनं विचारलं, “मॅडम, शाळा, घर, माझी पीएच.डी. चाललीय, त्यात कविता. तुम्ही लिहायला वेळ कसा काढता?”

पहाटे उठावं, रोज एक तरी ओळ लिहावी, अशी ठरलेली उत्तरं माझ्या ओठांवर होती. ती खोटी नाहीत. मीही त्यांच्याच आधारानं वर्षानुवर्षं ओढत आले. पण त्या मुलीच्या थकलेल्या, उजळ चेहऱ्याकडे पाहताना मला वाटलं, वेळ काही एकट्यानं काढायची गोष्ट नाही. आपल्या वाट्याचा थोडासा वेळ कुणीतरी उचलून आपल्या ओंजळीत घालतं, आणि पुढे कधीतरी आपल्याला तो कुणाच्या तरी ओंजळीत घालावा लागतो. लिहिलेलं उरतं की नाही कोण जाणे. ही देवघेव मात्र उरते.

मी तिला विचारलं, “घरी कोण कोण आहे गं?”

तिला वाटलं, मी विषय बदलला.