माझा खोकला, पारूचं नाव

मला टीबी झाल्याचं निदान झालं तेव्हा मी दवाखान्यात नव्हतेच. इंदापुरात माझ्या खोलीत उशीला टेकून चहा पीत होते. डॉक्टरांपुढं बसली होती शेजारची पारू. थुंकी माझी, नाव तिचं. डॉक्टर तिला म्हणाले, "बाई, स्पुटम पॉझिटिव्ह आलंय." म्हणजे थुंकीत क्षयाचे जंतू सापडलेत. आणि पारू, जिला जन्मात सर्दीपलीकडं काही झालं नव्हतं, ती मान खाली घालून "बरं" म्हणाली.

ही अक्कल माझी. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. मी तेव्हा पस्तिशीची होते आणि आपल्याइतकं हुशार तालुक्यात कुणी नाही अशी माझी पक्की समजूत होती.

मी हिरा. जन्मले तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले, मुलगा झाला म्हणून. पुढं मी बाई निघाले, तेव्हा कुणी काही वाटलं नाही. आज माझ्या चेल्यांच्या चेल्या मला आजी म्हणतात. त्यांच्यातली एखादी दोन आठवडे खोकली की मी तिला धरून बसवते आणि ही गोष्ट ऐकवते. तुम्हीही ऐका.

आमचं काम ठरलेलं. बारामतीच्या बाजारात दुकानं मागायची, म्हणजे टाळी वाजवत दुकानोदुकानी पैसे मागायचे, आणि कुणाच्या घरी पोर झालं की बारशाला जाऊन त्याला मांडीवर घ्यायचं, दुवा द्यायची. त्या वर्षी मला खोकला लागला. संध्याकाळी कणकण यायची, पहाटे घामानं पोलकं ओलं व्हायचं. बाजारात उबळ आली की मी जोरात टाळी वाजवायची, म्हणजे खोकला ऐकू जाऊ नये. लोक म्हणायचे, हिराबाई आज रंगात आहे. हिराबाई आतून पोखरत चालली होती.

दवाखान्यात मी एकदा गेले होते. कुठल्या ते सांगत नाही. तिथली माणसं आता म्हातारी झाली असतील, त्यांनाही दवाखाने लागत असतील. केसपेपरच्या खिडकीला दोन रांगा होत्या. बायकांच्या रांगेत उभी राहिले तर पुढची बाई म्हणाली, "हितं न्हाय, तिकडं." पुरुषांच्या रांगेत गेले तर मागून चिमटा बसला. गंमत बघा, आदल्याच आठवड्यात ज्या घरानं आपलं बारा दिवसांचं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं होतं, त्याच घरातली बाई बाकावर मला बघून पदर आवरून सरकली.

तरी कसाबसा पेपर निघाला. एक्स-रे काढायला, म्हणजे छातीचा फोटो काढायला पाठवलं. आतला माणूस म्हणाला, पोलकं काढ. मी हूक काढायला लागले, तर त्यानं दार उघडून बाहेरच्या दोघांना हाक मारली, "या रं, बघा." मी पदर गुंडाळला आणि तशीच एसटी स्टँडवर आले. तो फोटो निघालाच नाही.

मग माझी हुशारी जागी झाली. पारूला म्हटलं, इथल्या इंदापूरच्या दवाखान्यात माझं दुखणं तू जाऊन सांग. पारू भाजी विकायची, गाडीला जुंपावी अशी धडधाकट. तिला मी दोन दिवस खोकायला शिकवलं. तिला काही केल्या जमेना. खोकता खोकता हसायची. डॉक्टरांनी तिला डबी दिली, उद्या सकाळचा बेडका आण म्हणून. तो मी भरला, ती घेऊन गेली. इथपर्यंत सगळं झकास.

पण औषधात नुसत्या गोळ्या नव्हत्या. दोन महिने रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन होतं, कमरेत घ्यायचं. गोळ्या पदरात बांधून आणता येतात, सुई कशी आणणार? सिस्टरनं सुई भरायला घेतली तशी पारू जी पळाली ती थेट माझ्या दारात. "हिरे, तुझ्यापायी मला भोसकत हुते गं!" आम्ही पोट धरून हसलो. मी हसता हसता रक्त थुंकले. 

आठ दिवसांनी दवाखान्याचा माणूस सायकलवरून पारूचं घर शोधत आला. टीबीचा पेशंट मधेच गायब झाला की ते शोधायला यायचे. त्यानं अंगणातच विचारलं, "टीबीवाली पारूबाई हितंच राहते का?" दारात तिची सासू उभी.

म्हातारीचं माहेर-सासर दोन्ही मेंढरं राखणारं, आता थोडी शेती. तिनं त्याच दिवशी सुनेचं ताट वेगळं केलं, तिसऱ्या दिवशी तिचा दोन वर्षांचा पोरगा आपल्याजवळ ठेवला, आणि चौथ्या दिवशी सांगितलं, माहेरी जा. पारूनं एका शब्दानं माझं नाव घेतलं नाही. मी तिला शपथ घातली होती ना, कुणाला सांगायचं नाही म्हणून.

मला ती दिसली स्टँडवर. मांडीवर गाठोडं, लोणी भापकरला माहेरी निघालेली. मी नटूनथटून बाजाराला चालले होते.

"पारे, पोरगं कुठाय?"

"ठिवून घेतलंय." एवढंच म्हणाली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

एसटी लागली होती. मी तिचं गाठोडं उचललं आणि दवाखान्याकडं चालू लागले. गाठोड्यामागं ती आली.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते काही देवमाणूस वगैरे नव्हते. दमलेले, तापट. आधी त्यांनी मला झाडलं. "अहो, एका बाईचं घर मोडलंत तुम्ही! आणि स्वतः मरायला टेकलात!" मग पेपर ओढून विचारलं, "काम काय करता?"

"बारशाला जाते. बाळं मांडीवर घेते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "खोकत खोकत?"

 रांगेतल्या बायकांचा राग मी महिनोन्महिने उराशी धरला होता, पण त्या बाळांचा विचार एकदाही केला नव्हता. जेवढी घरं आठवली तेवढी मी त्या सायकलवाल्याला सांगितली. त्यानं दारोदार जाऊन चौकशी केली, पारूच्या पोराचीही. एकही पोर आजारी निघालं नाही, असं तो म्हणाला. तो खोटं बोलला नसेल, असं मी आजवर धरून चालले आहे.

डॉक्टरांनी पारूचं नाव रजिस्टरमधून खोडलं आणि मला विचारलं, "स्त्री का पुरुष, काय लिहू?" तोवर कुणी मला विचारलं नव्हतं, सगळे सांगायचेच. मी म्हटलं, बाई लिहा. त्यांनी लिहिलं. औषधाच्या खिडकीवरच्यानं तो पेपर दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा डॉक्टर स्वतः खिडकीशी गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण गोळ्या मिळाल्या. एक्स-रेच्या वेळी सिस्टर दाराला पाठ लावून उभी राहिली. वॉर्डात मात्र जागा झाली नाही. बायकांना मी नको होते आणि पुरुषांमध्ये मला जायचं नव्हतं. म्हणून रोज चालत जायचं, सुई घ्यायची, चालत यायचं.

पण त्याआधी म्हातारीच्या दारात जायचं होतं. मी लांबूनच सांगितलं, "आत्या, टीबी मला हाय. पारूला काय बी न्हाय."

"मंग माझ्या सुनंला कशापायी थुकाया लावलंस?"

"ती न्हाय थुकली. मीच थुकले, तिनं नुसतं नेलं."

 म्हातारी माझ्यामागं उभ्या पारूला ओरडून म्हणाली, "पारे, पोराला घे." आणि मला म्हणाली, "खोकणारं मेंढरू आमी कळपातनं येगळं बांधतो. पर चारा तोडत न्हाय त्याचा. तितंच थांब."

त्या दिवसापासून आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर रोज एक भाकरी आणि शेळीचं दूध असायचं. भांडं माझं वेगळं होतं. मला राग आला नाही. पारूचं ताट पुन्हा सगळ्यांच्यात गेलं होतं.

आता ज्यांना हे औषध सुरू होईल त्यांच्यासाठी. रिफॅम्पिसिनच्या गोळीनं लघवी झेंडूच्या रंगाची होते. भिऊ नका, मी भिऊन रडले होते. इंजेक्शननं माझ्या कानात रातकिडे ओरडायचे, तसं झालं तर लगेच डॉक्टरांना सांगा. आणि दोन महिन्यांनी एकदम बरं वाटतं, तिथं फसू नका. मी फसणार होते. गोळ्यांची पुडी उकिरड्यावर टाकायला निघाले, तर म्हातारी भिंतीपलीकडून म्हणाली, "टाक. उद्यापास्नं भाकरी बी टाकती." पुढचे सहा महिने एक गोळी चुकली नाही.

शेवटच्या दिवशी पारू माझ्याबरोबर आली होती. थुंकी निगेटिव्ह, म्हणजे जंतू नाहीत. डॉक्टरांनी कार्डावर रेघ मारली आणि न बघताच म्हणाले, "जा हिराबाई, पण खोकला आला तर या. स्वतः या."

बाहेर आलो. मला भलताच चेव चढला होता. म्हटलं, "पारे, माझी दाढ पण ठणकतीय गं. जाऊन येतीस का?"

पारूनं डोक्यावरची पाटी नीट केली आणि म्हणाली, "दाढ तुझी, तोंड तुझं, नाव बी तुझंच सांग. संगं येईन हिरे, तुझ्या जागी न्हाय."