गाव सांगायचा नियम

नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी बहरीनमध्ये, माहूजच्या आमच्या फ्लॅटमध्ये इंटरनेट आलं. इथल्या मराठी माणसांचा ईमेलचा गट समोरच्या दारच्या वहिनींनी काढला. एकाने पत्र लिहिलं की सगळ्यांना जायचं. नियम आम्ही दोघींनी मेथी निवडता निवडता ठरवले. नवीन माणसाने आधी गाव सांगायचं, हा माझा. गाव कळल्याशिवाय माणूस आपला वाटतो का, तुम्हीच सांगा! इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा वहिनींचा.

सलमाबादच्या एका वर्कशॉपमधला वेल्डर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा. त्याच्याकडे कुठला कॉम्प्युटर? तो सांगायचा, मी टाइप करायची. एकदा म्हणाला, खोलीत दहा जण, एसी तीन आठवडे बंद, विचारलं की मालक ओरडतो.

"हे लिहा काकू, पण नाव नको हं."

"नाव नाही घालत. गाव मात्र घालायला हवं, नियम आहे."

पुढच्या शुक्रवारी तो आला, पण जेवायला बसेना.

"मालकाने कागद दाखवला. आपलंच पत्र, छापलेलं. त्या गावचा तिथे मी एकटाच. व्हिसा कॅन्सल. खलास." मग हळूच म्हणाला, "पत्र तुमच्याच घरून गेलं ना, काकू?"

तो निघून गेला. मी तशीच समोरचं दार वाजवलं. वहिनींचे यजमान त्या मालकाच्या ओळखीचे, हे मला ठाऊक होतं.

"अहो, ह्यांनी सहज दाखवलं," वहिनी म्हणाल्या. "एसी दुरुस्त होईल म्हणून!"

"आणि तुमचा नियम?"

"नवऱ्याला दाखवणं म्हणजे का बाहेर नेणं? बसा, चहा टाकते."

मी बसले नाही. घरी येऊन नवे नियम लिहिले. गाव सांगणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. पत्र घरच्या माणसालाही विचारल्याशिवाय दाखवायचं नाही. आणि हे का बदलावं लागलं, तेही खाली लिहून वहिनींना पाठवलं. वहिनींनी नियम गटाला पाठवले. खालचं तेवढं काढून टाकलं. लोकांनी त्यांचं केवढं कौतुक केलं!

तोवर तो विमानात बसला होता. त्याचं गाव मला माहीतच होतं. कागद कुणाच्या हातून गेला, गाव कुणी घालायला लावलं, सगळं लिहून मी साधं पोस्टाचं पत्र टाकलं.

उत्तर आलं नाही.