विनायक आणि डोलोरेसची गाडी

विनायकची बातमी मला काचेपलीकडून कळली. ॲरिझोनातल्या चँडलरच्या ज्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात आम्ही दोघं कामाला, तिथं धुळीचा कण चालत नाही, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा वेष चढवून आत जावं लागतं. सोमवारी सकाळी सुपरवायझरनं काचेवर कागद धरला. विनायकचं नाव, पार्किंग लॉट, आणि हार्टचं काहीतरी... मी बाहेर निघालो. सगळं नियमाप्रमाणे उतरवलं, हातमोजे ठरलेल्या डब्यात टाकले, टोपीची घडी घातली. बाहेर पोचलो तोवर तो गेला होता. वय एक्केचाळीस. आज पाच आठवडे झाले, मला रडू आलेलं नाही. ती टोपीची घडी तेवढी आठवते.

विनायक मूळचा इचलकरंजीचा. वडील यंत्रमाग दुरुस्त करायचे. इथं एम. एस. करून तो नोकरीला लागला तो माझ्याच आठवड्यात. त्यानं घेतलेली पहिली जुनी गाडी ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात बसली. ट्रान्समिशन गेलं होतं, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेऊन आपोआप गिअर बदलणारा तो जड डबा. मेकॅनिक म्हणाला, भंगारात द्या. विनायकनं लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि तीन शनिवार-रविवार घालवून तो डबा स्वतः उघडून परत जोडला. गाडी सुरू झाली, पण फक्त रिव्हर्समध्ये! त्यानं कुमुदवहिनींना शेजारी बसवलं आणि सगळ्या कॉलनीला उलटी चक्कर मारली. लोक अंगणात येऊन बघत होते, वहिनी सगळ्यांना हात करत होत्या. मग पुन्हा सगळं खोललं. एक रबरी सील उलटं बसलं होतं.

तिथून हा जोडधंदा सुरू झाला. कुणाची गाडी गिअर टाकेना की विनायकला फोन. एका वेळी एकच गाडी घ्यायची, नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी. गणपतीच्या जेवणात कुणीतरी म्हणालं, "एवढा शिकलास, आणि हात कसले काळे करतोस यार?" विनायकनं पानातली कोशिंबीर संपवली आणि म्हणाला, "दिवसभर जे करतो ते डोळ्यांना दिसत नाही रे. हे निदान हाताला लागतं."

हात तेलकट असल्यामुळे पुस्तकाची पानं उलटायचं काम वहिनींचं. त्या कोल्हापूरला शाळेत मराठी शिकवायच्या. गॅरेजमध्ये स्टुलावर बसून त्या मॅन्युअल मोठ्यानं वाचायच्या, एकेक शब्द स्वच्छ, आणि तो "पुन्हा वाच" म्हणाला की न कंटाळता पुन्हा वाचायच्या. अशी चार वर्षं गेली.

शेवटच्या शुक्रवारी कॅफेटेरियात तो म्हणाला, "रविवारी येतोस का? डोलोरेसच्या गाडीचं ट्रान्समिशन उतरवायचंय. दोन माणसं लागतील." डोलोरेस म्हणजे त्यांच्या गल्लीतली नर्स. मी हो म्हणालो. रविवारी सकाळी फोन करून कॅन्सल केलं. घरी पाहुणे आलेत, असं सांगितलं. पाहुणे नव्हते, मला कंटाळा आला होता. "बरं, बघतो मी," तो म्हणाला. हे आमचं शेवटचं बोलणं.

दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो. डोलोरेसची गाडी स्टँडवर चढवलेली, आणि पिंगपाँगच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून धुतलेले सुटे भाग ओळीनं मांडून ठेवलेले. मी वहिनींना खरं काय ते सांगितलं आणि विचारलं, "त्यानं एकट्यानं उतरवलं का हे?"

"जॅक होता. मी होते," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, कधीही झालं असतं..." हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पुढं विचारायचं धाडस मला झालं नाही.

डोलोरेस जेवण घेऊन आली होती, पण गाडीबद्दल अवाक्षरही बोलली नाही. ड्युटीला ती कुणाकुणाच्या गाडीतून जात होती. मी म्हटलं, "वहिनी, हे सगळं दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवून देऊ."

"खोललेलं काम कोण घेईल? घेतलं तरी म्हणेल, आधीच्या माणसानं बिघडवलं. ह्यांच्या कामाला कुणी नावं ठेवलेली मला चालायची नाहीत." त्यांनी मॅन्युअल माझ्या हातात दिलं. "तुम्ही वाचा भाऊजी. मी लावते."

तीन शनिवार गेले. मी अडखळत वाचायचो, आणि कितीतरी वेळा माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचा हात बरोबर भागावर गेलेला असायचा. शेवटी कन्व्हर्टर बसवायचा होता, म्हणजे ट्रान्समिशनच्या तोंडाशी बसणारं परातीएवढं जड चाक. ते फिरवत फिरवत आत ढकलायचं. खट् झालं. पुन्हा खट्. मी म्हटलं, "बसलं."

"थांबा. तीनदा वाजतं. तसंच आवळलं तर आतला पंप फुटेल."

त्या फिरवत राहिल्या. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. घाम त्यांच्या हनुवटीवरून खाली पडत होता. मी "मी करू का?" म्हणालो, त्यांनी नकारार्थी मान हलवली. आणि मग तो तिसरा आवाज झाला... वहिनी तिथंच जमिनीवर बसल्या, गुडघ्यांत डोकं घालून. मी पुस्तक धरून उभा राहिलो. काय करायचं असतं अशा वेळी, ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून ते ट्रान्समिशन गाडीला चढवलं. वहिनींनी गाडी रस्त्यावर काढली, मी शेजारी बसलो. पहिला, दुसरा, तिसरा... गिअर कधी बदलले ते अंगाला जाणवलंसुद्धा नाही. डोलोरेसला किल्ली दिली तेव्हा ती वहिनींचे हात हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होती.

परत येऊन आम्ही चहा घेत होतो. फोन वाजला. तेरा वर्षांच्या मीनलनं उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, "आई... इट्स फॉर बाबा. समबडीज ट्रान्समिशन."

मी उठलो. काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. पण वहिनींनी कप खाली ठेवला आणि रिसीव्हर घेतला. कुणाचाही फोन आला, की नाव-गाव विचारायच्या आधी विनायक एकच गोष्ट करायला सांगायचा. तीच त्यांनी इंग्रजीत, सावकाश, वर्गात सांगावं तशी सांगितली. "आधी गाडीकडे जा. ट्रान्समिशनचं तेल मोजायची काडी बाहेर काढा आणि तिचा वास घ्या. जळका येतो का, ते मला येऊन सांगा."

पलीकडचा माणूस गाडीकडे गेला असावा. रिसीव्हर कानाशी धरून वहिनी थांबल्या होत्या.