आमी म्हणजे किती जण

साठच्या दशकाच्या मधोमध, पालघरला मी नववीत होते तेव्हा, आमची शाळा रोज दहा मिनिटं लवकर सुटावी अशी व्यवस्था मी केली होती. ती चार दिवस टिकली.

हेतू परोपकाराचा होता. माझ्या बाकावरची मैत्रीण सातपाटीहून यायची. शाळा सुटायची वेळ आणि सातपाटीची एस.टी. सुटायची वेळ एकच, आणि पुढची गाडी तासाभराने. शिपाई घंटा द्यायचा ती ऑफिसातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून, आणि त्याच ऑफिसात खडू आणायला आम्ही दोघीच जायचो. डोकं माझं, उंची तिची. मी दारात राखण करायचे, ती स्टुलावर चढून मधल्या सुट्टीत काटा पुढे ढकलायची आणि सकाळी परत जागेवर आणायची. मास्तरांनाही दिवस लहान झाल्यासारखा वाटत असणार, पण तक्रार कोण करतो?

पाचव्या दिवशी हेडमास्तरांचं मनगटी घड्याळ दुरुस्तीहून परत आलं.

हेडमास्तर पुण्याकडचे. पोलिसात गेले असते तर नाव काढलं असतं. त्यांनी तिला ऑफिसात बसवलं, मला पुस्तकांच्या खोलीत कोंडलं, आणि दोघींना वेगवेगळं एकच सांगितलं: "दोघी गप्प बसलात तर दोघी आठवडाभर अंगठे धरून उभ्या राहाल. एकीने दुसरीचं नाव सांगितलं तर सांगणारीला माफी, दुसरीच्या घरी चिठ्ठी. दोघींनी सांगितलं तर दोन चिठ्ठ्या."

माझ्या घरी चिठ्ठी म्हणजे वडिलांचं एक व्याख्यान. तिच्या घरी मात्र तिच्या बापाने आधीच बजावलं होतं की शाळेची एक तक्रार आली तर दुसऱ्या दिवसापासून आईबरोबर मासळीची टोपली उचलायची. तिला नर्स व्हायचं होतं. सातपाटीत तिच्या आळीतून नववीपर्यंत पोचलेली ती एकटीच मुलगी, आणि हे सगळं मला पाठ होतं.

तरी मी गणित मांडलं. ती बोलली तर मला चिठ्ठी चुकत नाहीच, मग मीही बोलायला काय हरकत? ती गप्प राहिली तर मी बोललेलंच बरं. कसंही मांडा, उत्तर एकच: बोल. पुढे कॉलेजात असंच दोन कैद्यांचं कोडं घातलं गेलं तेव्हा मी उत्तर सगळ्यांच्या आधी दिलं. शाबासकी मिळाली. कुठे शिकलीस, असं कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी उत्तर येऊनही मी गप्प बसले, आणि आपण फार थोर आहोत असं मला वाटू लागलं. हा थोरपणा पंधरा मिनिटं पुरला. हेडमास्तर परत आले आणि म्हणाले, "तिने कबूल केलंय. म्हणाली, आम्ही केलं."

आम्ही! म्हणजे मलाही बुडवलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, "काटा तिने फिरवला!"

मग त्यांनी आम्हाला समोरासमोर उभं केलं. "हिने तुझं नाव सांगितलं," ते तिला म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "बरोबर सांगितलं," ती म्हणाली. "आमीच केलं."

"आम्ही म्हणजे किती जण?"

"आमी म्हंजे आमी. एकच. ही नव्हती."

तिच्या घरात सगळ्या बायका स्वतःला 'आमी' म्हणायच्या. वर्गात ती आठवणीने 'मी' म्हणे, पण भूक लागली की, ठेच लागली की, भीती वाटली की 'आमी'च तोंडात यायचं. हेडमास्तरांना हे ठाऊक नव्हतं, ते पुण्याचे. मी तर दोन वर्षं तिच्या शेजारी बसून "आमाला भूक लागली" ऐकत होते आणि माझ्या डब्यातली पोळी तिला एकटीलाच देत होते. माझ्याजवळ काय सबब होती? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ठरल्याप्रमाणे मला माफी, तिला चिठ्ठी. मी घरी गेले नाही. तिच्या मागोमाग सातपाटीच्या गाडीत चढले आणि मागच्या बाकावर बसले. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

तिचा बाप अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याला वाचता येत नव्हतं. घरात वाचणारी ती एकटीच. मला हायसं वाटलं, कारण त्या जागी मी असते तर 'मुलगी हुशार आहे, शिकवावी' असं खुशाल वाचून मोकळी झाले असते. तिने अक्षर न् अक्षर खरं वाचलं. गाढव कुठली! बापाने जाळं खाली ठेवलं.

मी अंगणाच्या कडेवरूनच बोलले. युक्ती माझी, राखण माझी, आणि हिचं नाव सांगितलं तेही मीच.

"तू सांगितलंस?" तो म्हणाला. "आनि आता आमच्या दारात आलीस?"

"हो."

"सुटली व्हतीस ना?"

"हो."

त्याने जाळं पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "दगा देऊन परत तोंड दाखवाया कोन येत नाय." लेकीला विचारलं, "हिचं काय करू?"

आमच्या घरी अंड्याचं नावही काढत नसत हे तिला पक्कं माहीत होतं. ती म्हणाली, "बोंबील साफ कराया लावा."

परतीची गाडी येईपर्यंत मी बोंबील साफ केले. निम्मे माझ्या हातून निसटून मातीत पडले, आणि तिची आई हसून हसून खाली बसली. दुसऱ्या दिवशी बाप शाळेत आला, हेडमास्तरांना सांगून गेला की पोरगी शाळेतच राहील, काय छड्या द्यायच्या त्या इथेच द्या.

ती माझ्याशी पहिल्यासारखीच बोलू लागली. मला वाटलं, मिटलं. कोड्यातले कैदी एकदाच भेटतात. आम्हाला मार्चपर्यंत एका बाकावर बसायचं होतं.

दिवाळीनंतर सहल पालघरजवळच्या माहीमला गेली. एका वाडीत चिकू लगडले होते, राखणदार डुलकी घेत होता. मी खूण केली, "तोड, तू उंच आहेस." ती हलली नाही. तिने फांदी खाली ओढली, माझं मनगट पकडलं आणि माझा हात चिकूवर ठेवला.

"आदी तू," ती म्हणाली.